एच८९९ : कागद हरवलेल्या बोटीच्या नोंदी

११ जानेवारी

बोट आज दुपारी आवारात आली. फायबरची, उघड्या डेकची, साधारण सतरा फुटी. मागे आउटबोर्ड इंजिन, खाली गंजलेला ट्रेलर. हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, सगळीकडून ठोकून पाहिला, आवाज भरीव येतो. ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या सपाट भिंतीच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात मात्र जेलकोटचं (फायबरवरच्या चकचकीत थराचं) एक ठिगळ आहे, आजूबाजूच्या पांढऱ्याहून जरा पिवळट. नीट पाहिलं की ठिगळाच्या दोन टोकांना बुजवलेली दोन भोकं दिसतात.

बोटीबरोबर कागद आले ते इतकेच: इंजिनाचं माहितीपुस्तक, सर्व्हिसिंगच्या दोन पावत्या आणि वहीच्या पानावर लिहिलेली एक चिठ्ठी. ‘बोट व ट्रेलर विकले, रक्कम पोचली.’ खाली सही. नाव अर्धवट लागतं, पत्ता नाही, बोटीचा नंबर नाही. ज्या गृहस्थांकडून मी बोट घेतली त्यांनीही ती याच चिठ्ठीवर घेतली होती. नावावर करायचं राहून गेलं, असं ते म्हणाले.

हे ठाऊक असूनच व्यवहार केला, पण करारपत्र करून. अर्धी रक्कम आज दिली, अर्धी नोंदणी माझ्या नावावर झाल्यावर. मधल्या काळात बोटीवर कुणाचं जुनं देणं निघालं तर ते उरलेल्या रकमेतून भागवायचं. या कलमावर ते जरा अडले, मग सही केली.

धाकटा भाऊ संध्याकाळी सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, घेऊनच आला होता. त्याला थांबवलं. नोंदणी होईपर्यंत हिला घासायचं नाही, पॉलिश करायचं नाही, धुवायची तीही नुसत्या पाण्याने. कागद नसलेल्या बोटीची सगळी ओळख तिच्या अंगावरच असते. एका दुपारच्या सँडिंगमध्ये ती जाईल.

१२ जानेवारी

रात्री दिवे बंद करून टॉर्च हलला जवळजवळ टेकवून आडवा धरला. पुढच्या टोकाजवळ जुना नोंदणी क्रमांक उमटला.

अक्षरं कधीच काढून टाकली आहेत, पण उन्हाने जेलकोट खडूसारखा भुरा होतो आणि स्टिकरखालचा तेवढा भाग शाबूत राहतो. दिवसा समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र स्टिकरखालचा भाग गुळगुळीत चमकतो आणि त्याभोवतीचा खडबडीत दिसतो. डाव्या बाजूचा एक आकडा धक्क्याला घासून गेलाय. तोच आकडा उजव्या बाजूला स्पष्ट आहे. उजवीकडचं शेवटचं अक्षर गेलंय, ते डावीकडे मिळालं. दोन्ही बाजू मिळून पूर्ण क्रमांक हाती आला. धाकट्याने टॉर्च धरला, मी फोटो काढले, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवून.

म्हणजे ही बोट कधीतरी रीतसर नोंदलेली होती. आज झोप चांगली लागेल.

१४ जानेवारी

ट्रान्समवरच्या ठिगळाचा अर्थ लागला, आणि तो चांगला नाही. हलचा ओळख क्रमांक, ज्याला सगळे हिन म्हणतात, नेमका तिथेच असायला हवा: ट्रान्समच्या उजव्या बाजूला, वरच्या कडेपासून दोन इंचांच्या आत. बोट अमेरिकन बनावटीची आहे, आणि तिकडे १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या प्रत्येक बोटीवर हा क्रमांक घालणं बांधणाऱ्यावर सक्तीचं आहे. अक्षरं पाव इंचाहून लहान चालत नाहीत. क्रमांक काढला किंवा बदलला तर खूण राहिलीच पाहिजे, अशा रीतीने तो बसवायचा असतो. इथे खूण राहिली आहे, क्रमांक नाही.

क्रमांकाची पट्टी काढलेली बोट म्हटलं की जाणकाराच्या मनात पहिली शंका चोरीची येते. माझ्याही आली. विक्रेत्यांना फोन केला. त्यांनी घेतली तेव्हाही ते ठिगळ तसंच होतं म्हणे. त्यांच्या आवाजात लपवाछपवी वाटली नाही, पण आवाजावरून काही सिद्ध होत नाही.

एक वाट उरते. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींवर हाच क्रमांक दुसऱ्यांदा, सहज नजरेला न पडणाऱ्या जागी घातलेला असतो: हलच्या आतल्या अंगाला, किंवा एखाद्या फिटिंगखाली. जागा बांधणारा ठरवतो आणि ती जाहीर करत नाही. शोधायला हवं.

१५ जानेवारी

मागचे दोन्ही क्लीट, म्हणजे दोर बांधायचे खुंट, काढून पाहिले. काही नाही. पुढची कडी काढली, तिथेही नाही. स्क्रू पुन्हा सीलंट लावून बसवले.

१८ जानेवारी

सापडला.

डाव्या मागच्या लॉकरमध्ये बॅटरीचं खोकं होतं. ते बाहेर काढलं, फोनचा कॅमेरा आत घालून हलच्या आतल्या भिंतीचा फोटो काढत गेले. सव्विसाव्या फोटोत एका रेषेत काही ओरखडे दिसले. कोरलेले आकडे, वर राखाडी बिल्ज पेंटचे, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाला देतात त्या रंगाचे, दोन थर. पेंट खरवडायचा मोह आवरला. खरवडताना आकड्याची कड उडाली तर उद्या तपासणीला आलेला माणूस म्हणेल, हे तुम्हीच कोरलं.

म्हणून पातळ कागद चिकटपट्टीने चिकटवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. खांद्यापर्यंत हात आत, मान वाकडी, कागद दिसतसुद्धा नाही, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. पहिल्या कागदावर काळा डाग उमटला. दुसरा फाटला. तिसऱ्यावर बारा अक्षरांची रांग आली, पांढरी, पेन्सिलच्या करड्या पट्ट्यात. धाकटा बाहेरून एकेक अक्षर वाचत होता आणि मी आतूनच मोजत होते. बारा भरली तेव्हा डोकं लॉकरच्या झाकणावर आपटलं तरी काही वाटलं नाही.

या बारांची मांडणी ठरलेली असते. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची. पुढची पाच त्या हलचा अनुक्रमांक. नववं अक्षर बांधणीचा महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. दहावा आकडा बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि अखेरचे दोन मॉडेल वर्षाचे. आमची शेवटची चार आहेत एच८९९. म्हणजे ऑगस्ट १९९८ मध्ये बांधलेली, १९९९ चं मॉडेल. बोटीचं खरं वय आज कळलं. विक्रेते पंधरा वर्षांची सांगत होते.

युरोपात जून १९९८ पासून या बारांच्या आधी देशाची दोन अक्षरं आणि एक आडवी रेघ येते. आमच्यावर ती नाहीत, म्हणजे बोट अमेरिकेतल्या बाजारासाठी बांधली, हेही जुळतं.

एक अडचण. अनुक्रमांकातलं शेवटचं अक्षर ३ आहे की ८, ते ठरत नाही. पेंट नेमका तिथे जाड बसलाय. एका ठिकाणी गोल आकार आहे, तो शून्यच असणार, कारण अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. पण ३ आणि ८ च्या बाबतीत असा कुठला नियम मदतीला येत नाही. ट्रेलरच्या सतरा अक्षरी क्रमांकात नववं अक्षर पडताळणीचं असतं, बाकीच्या अक्षरांचं गणित केलं की वाचण्यातली चूक लगेच उघडी पडते. हिनमध्ये तशी सोय नाही. एक आकडा चुकला तर कागदोपत्री ती दुसरीच बोट होते, आणि चूक कुठेच दिसत नाही.

दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या. अंदाजाने एक निवडणार नाही.

२२ जानेवारी

इंजिनाचा क्रमांक घेतला. एक पट्टी ट्रान्समला अडकणाऱ्या ब्रॅकेटवर आहे. दुसऱ्यांदा तोच क्रमांक ब्लॉकवरच्या गोल धातूच्या टोपणावर ठोकलेला मिळाला. दोन्ही जुळतात, सर्व्हिसिंगच्या पावत्यांशीही जुळतात. इंजिन हलपेक्षा बरंच नवं, म्हणजे मधे बदललेलं. त्यात वावगं काही नाही, पण अर्जात हल आणि इंजिन यांचा उगम वेगवेगळा दाखवावा लागेल.

२७ जानेवारी

नोंदणी कार्यालयात पहिली फेरी. फोटो, पेन्सिलचा ठसा, करारपत्र, चिठ्ठी, सगळं फाइलमध्ये लावून नेलं. खिडकीवरच्या बाईंनी जुना क्रमांक रजिस्टरमध्ये पाहिला. आहे. नूतनीकरण बऱ्याच वर्षांपासून थकलेलं. नाव चिठ्ठीवरचं नाही, भलतंच.

‘चिठ्ठीवाले मधले आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘मूळ मालक वेगळे. त्यांच्याकडून मधल्यांना, मधल्यांकडून तुमच्या विक्रेत्यांना, आणि मग तुम्हाला. एवढ्या तीन कड्या आहेत. यातली एकही सुटली तर मी नाव चढवू शकत नाही.’

मूळ मालकाचं नाव-पत्ता त्या मला सांगू शकत नव्हत्या. ते योग्यच. मी अर्ज दिला की कार्यालय स्वतःहून त्या पत्त्यावर पत्र पाठवेल, उत्तर द्यायचं की नाही हे तिकडच्यांच्या हातात. अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला. बाईंनी हिनचा ठसा उजेडात धरून पाहिला आणि ३ की ८ यावर त्यांचंही मत पडेना. रजिस्टरमध्ये त्या काळी हलचा क्रमांक लिहून घेत नसत, त्यामुळे तिथेही ताळा नाही.

३० जानेवारी

ओळखीतल्या एकाने एजंट गाठून दिला. माणूस अनुभवी, बोलायला सरळ. त्याने दोन वाटा सांगितल्या.

पहिली: मूळ मालकाकडून थेट मला विक्री झाल्याची जुन्या तारखेची पावती करायची. मधली दोन माणसं कागदावरून गायब. दुसरी: हल क्रमांक मिळालाच नाही असं सांगायचं आणि बोट मी स्वतः बांधली असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. घरी बांधलेल्या बोटीला नवा क्रमांक मिळतो, मागचं काही विचारत नाहीत. दुसरी वाट बरेच जण घेतात, असं तो म्हणाला, आणि मला ते खरं वाटतं.

रात्री धाकट्याशी यावर बराच वेळ बोलले. त्याचा प्रश्न रास्त होता: ‘ताई, बोट आपलीच आहे, पैसे दिलेत, कुणाला फसवत नाही आहोत, मग काय बिघडतं?’

बिघडतं असं. पहिल्या वाटेत मी एका अनोळखी माणसाची सही करवून घेणार. तो माणूस पावतीवरच्या तारखेच्या आधीच वारला असेल तर? उद्या त्याचा मुलगा उभा राहिला तर? दुसरी वाट त्याहून वाईट, कारण ती सुरळीत पार पडते. एखाद्याची बोट खरोखर चोरीला गेली असेल तर त्याला ती परत मिळण्याचा एकमेव धागा म्हणजे हा बारा अक्षरांचा क्रमांक. चोरीच्या बोटी नेमक्या याच दाराने नव्या नावाने बाहेर पडतात. आमची चोरीची आहे की नाही हे आज मला माहीत नाही. माहीत नसताना तो धागा मी माझ्या हाताने कापायचा, हे मला जमणार नाही. शिवाय ऑगस्ट १९९८ मध्ये कुणीतरी हा हल साच्यातून काढला, त्याच्या आतल्या भिंतीवर आकडे कोरले. ‘मी बांधली’ असं लिहिणं म्हणजे त्या कारागिराचं काम माझ्या नावावर घेणं.

एजंटाचे आभार मानून नको म्हणून कळवलं.

४ फेब्रुवारी

पोलिसांकडे लेखी चौकशी दिली: हल क्रमांक दोन्ही वाचनांनी, जुना नोंदणी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक. तिन्ही वेगवेगळे द्यायचे, कारण चोरीची तक्रार कशाच्या आधारे नोंदली गेली असेल सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी

पोलिसांचं उत्तर आलं. तिन्ही क्रमांकांवर तक्रार नाही. जीव भांड्यात पडला.

कर्जाचा तपास चालू आहे. बोटीच्या व्यवहारात लोक याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. मोठ्या जहाजांच्या कायद्यात काही देणी मालकाच्या अंगाला न चिकटता जहाजाच्या अंगाला चिकटतात: खलाशांचा थकलेला पगार, बुडताना वाचवल्याचा मोबदला, टक्कर देऊन केलेलं नुकसान. जहाज विकलं गेलं तरी ती त्याच्याबरोबर जातात, नव्या मालकाला काही माहीत नसलं तरी. रजिस्टर कोरं दिसलं म्हणून बोट मोकळी, असं धरता येत नाही.

रजिस्टरचीही एक गंमत वाट पाहता पाहता वाचली. नोंदणी आणि मालकी या दोन गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये २४ मीटरच्या आतल्या खासगी बोटींसाठी रजिस्टरचा तिसरा भाग आहे. त्यात नोंदलं की बोटीला ब्रिटिश झेंडा लावता येतो, पण ती नोंद मालकीचा पुरावा नाही. मालकी सिद्ध करायची तर पहिल्या भागात जावं लागतं. तिथे मागची विक्रीखतं तपासतात, आणि बोटीची मालकी चौसष्ट हिश्श्यांत मांडतात. वहीच्या पानावरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवणारे आम्ही सगळे या दोन गोष्टी एकच समजत होतो.

२ मार्च

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. ‘बोटीबद्दल कार्यालयाचं पत्र आलंय. मी त्यांची मुलगी बोलतेय.’ मूळ मालक सहा वर्षांपूर्वी वारले. पत्र जुन्या घरी गेलं, शेजाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवलं.

माझ्या मनात धाकधूक होती की त्या म्हणतील, बाबांनी बोट विकलीच नव्हती. तसं काही झालं नाही. ‘बाबांनी ती मित्राला दिली होती,’ त्या म्हणाल्या. ‘पैसे घेतले, कागद केला नाही. मित्राशी कसला कागद करायचा, असं त्यांचं होतं.’

७ मार्च

मूळ मालकांच्या मुलगी, फोनवरच्या त्या ताई, स्वतः आल्या, हातात खाकी फाइल. त्यांच्या वडिलांनी बोटीचा प्रत्येक कागद लावून ठेवला होता, फक्त विकल्याचा सोडून. वरच मूळ बिल. त्यावर हल क्रमांक टाइप केलेला. मी माझा पेन्सिलचा ठसा त्याच्या खाली धरला आणि एकेक अक्षर बोटाने पुढे सरकवत गेले. अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा ८. नीट पाहिल्यावर ठशातही डावीकडची कड अगदी पुसट आहे. बिल पाहिल्याशिवाय ती मला कधीच दिसली नसती.

फाइलमध्ये एक फोटोही होता: बोट पाण्यात, पुढच्या टोकावर निळा क्रमांक. टॉर्चच्या उजेडात वाचला होता तोच, पण अक्षरं तिरकी.

ताई बोटीभोवती एक फेरी मारून आल्या. सुकाणूच्या चाकाला हात लावला, काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

पुढचं काम त्यांना समजावून सांगितलं: वडिलांनी मित्राला विकल्याचं आता वारसांनी मान्य करून द्यायचं. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. त्या लगेच सही करायला तयार होत्या. पण त्यांना एक भाऊ आहे, परदेशी. एका वारसाने सही करून भागत नाही. सगळ्यांची लागते. भावाला त्या कळवणार.

१३ मार्च

मधले मालक, म्हणजे तो मित्र, ताईंमुळे सापडले. वय ऐंशीच्या पुढे. मी घरी गेले, हेतू सांगितला, आधी ट्रान्समवरच्या ठिगळाबद्दलच विचारलं, कारण दोन महिने तेच मनात खुपत होतं.

ते म्हणाले, ‘अगं, ते मीच केलंय.’

ट्रान्सम म्हणजे वरून फायबर आणि आत प्लायवूड. पट्टीच्या दोन रिव्हेटांच्या भोकांतून पाणी आत झिरपू लागलं होतं, प्लाय काळं पडायला लागलं. तेवढा भाग कोरून काढून त्यांनी नवीन लाकूड बसवलं, इपॉक्सी भरली, जेलकोट केला. पुन्हा भोक पाडलं तर पुन्हा पाणी शिरेल म्हणून पट्टी परत लावली नाही. सगळं ते एखाद्या शल्यक्रियेबद्दल बोलावं तसं सांगत होते, हाताने हवेत प्लायचे थर दाखवत.

‘मग पट्टी?’

ते उठले, आतून हत्यारांचा लाकडी डबा आणला. तळाशी, ड्रिलच्या बिटांखाली, मेणकागदात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची पट्टी. बारा अक्षरं. शेवटची चार एच८९९.

मी ती हातात घेतली तेव्हा गळा दाटून आला. ज्या माणसावर मी मनातल्या मनात चोरीचा संशय धरला होता, त्याने बोटीचं नाव इतकी वर्षं मेणकागदात जपून ठेवलं होतं.

त्यांनी चिठ्ठीवरची सही आपलीच असल्याचं मान्य केलं. नोटरीला घरी बोलावून दोन कागद झाले: मित्राकडून त्यांनी बोट घेतल्याचा, आणि माझ्या विक्रेत्यांना विकल्याचा. हात थरथरतो म्हणून सहीसोबत अंगठाही घेतला. दोन्हींवर हल क्रमांक, इंजिन क्रमांक, जुना नोंदणी क्रमांक, सगळं पूर्ण लिहिलं. चिठ्ठीत नेमकं हेच नव्हतं.

पट्टी मी बोटीला लावलेली नाही. क्रमांकाची पट्टी खरेदीदाराने आपल्या हाताने बसवणं बरोबर नाही, हेतू कितीही चांगला असो. तपासणीला येतील त्यांच्या हाती देईन.

२ एप्रिल

ताईंच्या भावाचे कागद अजून नाहीत. धाकटा रोज बोटीकडे बघतो आणि सँडरकडे बघतो.

१६ एप्रिल

भावाचं संमतिपत्र आलं, तिथल्या वकिलातीच्या शिक्क्यासह. पहिली कडी पूर्ण. तिसरी, म्हणजे विक्रेत्यांकडून मला, जानेवारीतल्या करारावरून आज रीतसर विक्रीखत करून घेतली. सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून कार्यालयात दिले. बाईंनी एकेक उलटून पाहिला आणि फाइलीवर लाल शाईत ३/३ लिहिलं.

२३ एप्रिल

तपासनीस आले. आधी लॉकरमधला क्रमांक पाहिला, मग पट्टी, मग बिल. ठिगळाचे फोटो घेतले, मधल्या मालकांचा जबाब वाचला आणि पट्टी मूळ जागी, भोक न पाडता, इपॉक्सीने त्यांच्यासमोर बसवायला लावली. अहवालात तसं नोंदवलं.

मोजमापात माझी चूक निघाली. अर्जात मी लांबी इंजिनाच्या ब्रॅकेटपासून पुढच्या रेलिंगच्या टोकापर्यंत धरली होती. लांबी हलची धरायची: पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, मध्यरेषेला समांतर, सरळ रेषेत. ब्रॅकेट, रेलिंग, इंजिन यांतलं काही मोजायचं नाही. खरी लांबी भरली १६.८ फूट, रुंदी ६.९, खोली ३.१. या तिघांचा गुणाकार ३५९. मोटरबोटीच्या आकारासाठी अमेरिकेतल्या सोप्या सूत्रात त्याला ०.६७ ने गुणून शंभराने भागतात, म्हणजे सुमारे २.४ ग्रॉस टन. हा टन वजनाचा नव्हे, जागेचा. शंभर घनफूट म्हणजे एक टन. मूळ शब्द दारूच्या पिंपावरून आला, जहाजात किती पिंपं मावतात ते मोजायचे. धाकट्याला हे इतकं आवडलं की त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

२८ एप्रिल

जाहीर सूचना प्रसिद्ध झाली. हरकतीसाठी मुदत तीन आठवडे.

११ मे

हरकत आली. ज्या यार्डात विक्रेत्यांनी बोट ठेवली होती त्यांचं दोन वर्षांचं भाडं थकलं होतं. बोट त्यांच्या नकळत एका सुट्टीच्या दिवशी बाहेर काढली गेली.

मला राग आला. विक्रेत्यांनी हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण यार्डवाल्यांचं म्हणणं खरं होतं, पावत्या होत्या, आणि त्यांनी माझ्याशी आवाज न चढवता बोलणी केली. करारातलं कलम काढून विक्रेत्यांसमोर ठेवलं. उरलेल्या रकमेतून भाडं परस्पर यार्डाला गेलं, बाकी विक्रेत्यांना मिळेल. यार्डाने येणं बाकी नसल्याचा दाखला दिला. ते कलम नसतं तर आज मी दोघांच्या मधे उभी असते.

२१ मे

मुदत संपली. दुसरी हरकत नाही.

३० मे

प्रमाणपत्र मिळालं. नवा क्रमांक दिला नाही, जुनाच माझ्या नावावर पुन्हा चालू केला. मालकांच्या रकान्यात चार नावं एकाखाली एक, त्यात शेवटचं माझं. विक्रेत्यांची उरलेली रक्कम त्याच दुपारी दिली. ताईंना आणि मधल्या काकांना फोन केला. काकांनी पहिलं विचारलं, ‘ट्रान्सम कोरडा आहे ना?’ आहे, म्हटलं.

१ जून

क्रमांकाची अक्षरं लावली. नियम असा: पुढच्या अर्ध्या भागात, दोन्ही बाजूंना, उंची तीन इंचांहून कमी नाही, साधी उभी ठळक अक्षरं, हलच्या रंगावर उठून दिसतील अशी. आधी टॉर्च धरून जुनी सावली शोधली आणि नवीन अक्षरं त्याच ओळीवर ठेवली. जुनी तिरकी होती, नवी सरळ, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या कडेने जुन्याचा एक चमकता काठ दिसत राहतो.

धाकट्याने सँडर लावला तो ट्रान्समपासून चार बोटं दूर. पट्टीवर आधी मास्किंग टेप चिकटवली.

प्रमाणपत्राची मूळ प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, सुकाणूखालच्या कप्प्यात. विम्याचा अर्ज आज गेला. ट्रेलरची नोंद वेगळी असते, ती राहिली आहे. त्याच्या सतरा अक्षरांतलं दहावं एक्स आहे, म्हणजे १९९९, बोटीच्या मॉडेल वर्षाशी जुळणारं. बाकीची सात गंजाखाली आहेत. उद्या मऊ ब्रश आणि पातळ कागद.